तिचं वाक्य फळ्यावर तसंच लिहिलंत, सर

आदरणीय सर,

एफवायबीएच्या वर्गाला कविता वाचायला कशी शिकवायची, हे तुम्ही आमच्या कॉलेजात येऊन एका तासात दाखवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

बालकवींची ‘औदुंबर’, अवघ्या आठ ओळी. तुमच्या झेरॉक्सवर शीर्षक नव्हतं, कवीचं नावही नव्हतं. दोन्हीकडे चार-चार बोटं कोरी जागा. कारण पटण्यासारखं होतं. शीर्षक आधी दिसलं की मुलं थेट दत्ताच्या देवळात पोचतात. नाव दिसलं की ‘निसर्गकवी’ लिहून मोकळी होतात. आणि १९१८ साली, अवघ्या २७ व्या वर्षी, ते रेल्वे अपघातात गेले हे आधी सांगितलं, तर ओळीओळीत मरण शोधायला लागतात. कविता राहते बाजूला.

आधी तुम्ही सावकाश, हातवारे न करता वाचलीत, मग एका मुलाने. मग सगळ्यांनी पेन्सिलीने रंगाच्या शब्दांखाली रेघ मारायची, क्रियापदांना चौकोन करायचा. ‘कवीला काय सांगायचंय?’ हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. त्याने मुलं तात्पर्य हुडकू लागतात. तुमचे प्रश्न दोनच: काय दिसतंय? कुठला शब्द खटकला? हिरवा तीनदा सापडला, मग निळासावळा, पांढरा, काळा. झरा वाहतो, वाट चालते, आणि शेवटच्या ओळीत मात्र कुणीतरी पाय पाण्यात टाकून बसलंय. काळिमा ‘गोड’ कसा, यावर तर वर्ग भांडायलाच उठला.

तेवढ्यात मागच्या बाकावरची, एरवी हजेरीपुरतं बोलणारी मुलगी म्हणाली, “वाट पांढरी हाय, पण जाती काळ्याकडं.” सर, तुम्ही ते वाक्य ‘हाय’ आणि ‘जाती’सकट फळ्यावर लिहिलंत, खाली तिचं नाव लिहिलंत आणि उरलेला तास त्याच वाक्यावर चालवलात. याआधी आलेल्या विद्वान पाहुण्यांनी अशा वेळी ‘हाय नव्हे, आहे’ म्हणून सुधारणा केली होती. त्यानंतर वर्गात कुणी तोंड उघडलं नाही, आणि दोष मात्र ‘मुलं वाचत नाहीत’ म्हणून मुलांवरच आला. मुलगी काय म्हणतेय ते ऐकायला कुणाला काय खर्च येतो? साधा माणुसकीचा भाग आहे, पण तोच मोठमोठ्या पदव्या असलेल्यांना जमत नाही.

लिहिण्याबद्दलची तुमची अटही आता वर्गाला पाठ झालीय. दहा ओळी लिहायच्या, प्रत्येक विधानाला कवितेतला एक शब्द पुरावा म्हणून जोडायचा. जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही कवितेला चालेल, ते खोडायचं. दहावीपासून घोटलेलं ‘कवीने समर्पक शब्दांत सुंदर वर्णन केले आहे’ त्यात आपोआप गळून पडतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषासौंदर्य हे रसग्रहणाचे तीन ठरलेले डबे भरत बसणारी मुलं पहिल्यांदा बावरली, कारण डब्यांबाहेर काय लिहायचं हेच त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आता वह्यांमध्ये एकसारखी उत्तरं येत नाहीत. तपासायला वेळ लागतो, पण वाचायला मजा येते.

ती मुलगी हल्ली दुसऱ्या बाकावर बसते. आता कथा घ्यायची आहे. एका वेळी दीड पानाहून मोठा उतारा घेऊ नका, आणि गोष्ट कोण सांगतंय हे आधी शोधायला लावा, असं तुम्ही निघताना सांगितलंत. तसंच करतोय.

आपला,
मराठी विभागातला एक शिक्षक