विषय: रविवारचा डिमसम बुफे, न मिळालेले फन गुओ (शेंगदाणे घातलेल्या सारणाच्या वाफवलेल्या करंज्या) आणि तुमचा कालचा फोन

प्रति,
व्यवस्थापक व ग्राहक सेवा विभाग,

तुमच्या अभिप्रायाच्या पानावर 'कोणत्याही भाषेत लिहा, आम्ही वाचतो' असं लिहिलेलं आहे. इंग्रजीत लिहून झालं, इंग्रजीत बोलूनही झालं, आणि दर वेळी तेच छापील उत्तर आलं. म्हणून आता मराठीत लिहितो. भाषांतराचा खर्च तुमचा.

रविवारी काय घडलं ते तुमच्या टॅबवर, कॅमेऱ्यात आणि वजनकाट्यावर नोंदलेलं आहेच. पण काल तुमच्या माणसाने फोनवर मला जी हकीकत ऐकवली ती मी जेवलो त्या जेवणाची नव्हती. तेव्हा माझी बाजूही तुमच्या दप्तरात असू द्या.

साडेअकराचं आठ जणांचं टेबल होतं. निमित्त आमच्या व्याह्यांच्या आईच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाचं. माझी सून तिला आह-मा, म्हणजे आजी, म्हणते, म्हणून आम्ही सगळेच म्हणतो. आह-मा जातिवंत टिओच्यू, म्हणजे दक्षिण चीनमधल्या चाओझोउ भागातल्या लोकांपैकी. तिचे वडील तिथल्या स्वातो बंदरातून बोटीने सिंगापूरला आले. जेवण माझ्याकडून होतं. व्याही जेवायला असले की यजमानाचा जीव कसा टांगणीला लागलेला असतो ते मी तुम्हाला समजावत बसत नाही. एवढंच सांगतो, की मी सहज म्हणून तुमच्याकडे आलो नव्हतो. 'पारंपरिक टिओच्यू' हे शब्द वाचून आलो होतो.

बुकिंग करताना तुमच्या बाईंना मी एकेक गोष्ट विचारून घेतली होती. गार खेकडा आहे का? आहे, सहाच्या वर माणसं असतील तर टेबलाला एक. फन गुओ आहेत का? आहेत, हवे तेवढे. ओर नी, ती गोड लापशी, गरम असते ना? "अर्थातच, सर." मग त्यांनी कार्डाचा नंबर घेतला आणि शंभर डॉलर अनामत कापली. अनामत मात्र एका सेकंदात कापली गेली, हे कबूल करतो.

आम्ही सव्वाअकरालाच दारात हजर. दारात तुम्ही मोठा फलक लावला आहे, की चाओझोउ शहराला युनेस्कोने २०२३ मध्ये खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर ठरवलं. तो फलक मला आता तोंडपाठ आहे, कारण बारा वाजायला पाच मिनिटं कमी असेपर्यंत आम्ही त्याच्याखालीच उभे होतो. आह-मासाठी खुर्ची मागितली तर ती आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटेत येईल असं उत्तर मिळालं. शेवटी बसलो आणि टॅब उघडला, तर नव्वद मिनिटांतली पासष्टच उरलेली. वेळ बुकिंगपासून धरतात म्हणे. टेबल तुम्ही उशिरा द्यायचं आणि घड्याळ आमचं चालवायचं!

टॅबवर फन गुओ करड्या रंगात. 'संपले.' दुपारचे बारा वाजायचे होते, स्वयंपाकघर साडेअकराला उघडलं होतं आणि फन गुओ संपलेले. गार खेकड्याच्या जागी 'आजचा बदल: क्रॅबस्टिक सॅलड'. खेकडा वाफवून, पूर्ण गार करून, मसाल्याचा हातही न लावता वाढायचा, ही टिओच्यूंची ऐट. मासळी ताजी नसेल तर हा पदार्थ करताच येत नाही, लपवायला रस्सा नसतो. त्याच्या बदल्यात तुम्ही रंगवलेल्या माशाच्या कांड्या आणि मेयोनीज दिलंत. आह-माने चॉपस्टिकने एक कांडी उचलून पाहिली आणि परत ठेवली. बोलली काहीच नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

बाकी जे आलं ते कोळंबीचे हार गाव, डुकराच्या मांसाचे सिउ माय, तेच मांस भरलेले पाव म्हणजे चार सिउ बाओ, चीझ घातलेले स्प्रिंग रोल आणि आंब्याचं पुडिंग. कँटनी डिमसम मला आवडतं, त्याच्याशी माझं वैर नाही. पण ते सिंगापुरात कुठल्याही मॉलमध्ये मिळतं, त्यासाठी दारावर टिओच्यू पाटी लागत नाही. बरं, ते तरी धड असावं! हार गावची पारी टोपलीच्या कागदाला चिकटून फाटत होती आणि आतलं कोळंबीचं सारण उघडं पडत होतं. उकडीच्या मोदकाची पारी अशी फाटली तर आमच्या रत्नागिरीच्या घरात करणारीला गणपती जाईपर्यंत ऐकावं लागतं. मी स्वतः डुकराचं खात नाही, त्यामुळे निम्म्या टोपल्या माझ्या कामाच्या नव्हत्या. तरी पैसे पूर्ण दिले. त्याबद्दल तक्रार नाही.

एक गोष्ट चांगली होती, ती लिहिली नाही तर अन्याय होईल. तुमचं बदक. सिंगापुरात हंसाऐवजी बदकच मिळतं हे आम्हाला माहीत आहे. सोया आणि गलांगलमध्ये सावकाश शिजवलेलं, मऊ, खाली रस्सा प्यायलेलं टोफू. आह-माने ते दोनदा घेतलं. ते ज्यांनी केलं त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि जमलं तर बाकीचं स्वयंपाकघरही त्यांच्याच ताब्यात द्या.

ओर नीबद्दल मात्र मला बोलायचं आहे. ही अरवीच्या जातीच्या मोठ्या कंदाची गोड लापशी. कंद वाफवायचा, घोटायचा, चरबीत आणि छोट्या कांद्याच्या तेलात परतायचा, वर गिंकोच्या बिया. तेलाच्या थरामुळे वाफ दिसत नाही, म्हणून नवखा माणूस जीभ भाजून घेतो. तुमच्याकडे जीभ भाजायची काही भीती नव्हती. वाटी कडेला कोमट होती आणि मध्ये बर्फ. मायक्रोवेव्हने काम अर्धवट सोडलेलं. गिंकोऐवजी डब्यातला मका. आह-मा हा पदार्थ तिच्या आईच्या हातचा खात वाढली. वाढदिवसाला एवढंच मागितलं होतं तिने, हे आणि फन गुओ. त्यातले फन गुओ, पुन्हा सांगतो, बाराच्या आत संपले होते.

चहा 'फिनिक्स पर्वतावरचा दानचोंग', माणशी ३.५० डॉलर. टिओच्यू माणसाचा कुंग फू चहा म्हणजे चिमुकल्या पेल्यांत, पुन्हा पुन्हा उकळतं पाणी ओतून, घोट घोट. तुम्ही दीड लिटरची किटली आदळून गेलात, तीत दोऱ्याच्या पिशव्या तरंगत होत्या.

शेवटची ऑर्डर बंद झाल्यावर, आम्ही निघायच्या बेतात असताना, सिउ मायच्या टोपल्या आल्या. एकदा मागवल्या होत्या, त्या आधीच येऊन संपल्या होत्या; स्वयंपाकघराने तीच ऑर्डर दुसऱ्यांदा पाठवली. परत न्या म्हटलं. टेबलावर आलेलं परत जात नाही म्हणाले. मग तुमचे व्यवस्थापक स्टीलचा काटा घेऊन आले, वाढदिवसाच्या पीचच्या आकाराच्या पावांशेजारी तो मांडला, आणि आठ माणसांदेखत सिउ माय मोजले. ४०० ग्रॅम. दर १०० ग्रॅमला ५ डॉलर, म्हणजे न संपवलेल्या अन्नाचा २० डॉलर दंड. मला म्हणाले, "बुफेला पहिल्यांदाच आलात का?" तेवढ्यात आमच्या व्याह्यांनी खिशातून पाकीट काढलं. मी यजमान, आणि माझ्या पंगतीत व्याह्यांनी पाकीट काढलं! तुमच्या नियमावलीत याचा दर ग्रॅममागे किती आहे, ते कळवा.

बिल ४८५.३६ डॉलर. त्यात न मागितलेले ओले रुमाल, न मागितलेल्या शेंगदाण्याच्या दोन वाट्या. फन गुओच्या सारणात घालायचे शेंगदाणे तुम्ही वाटीत घालून ४ डॉलरला विकता, ही कल्पना ज्याची असेल त्याला बढती द्या. दंडावरही १० टक्के सेवाशुल्क लावलंत, मग त्या सगळ्यावर ९ टक्के जीएसटी. २० चे २३.९८ झाले. जीएसटी सरकारचा, त्याला इलाज नाही. पण दंडावर सेवाशुल्क? सेवा कसली, वजन करण्याची?

इथवर मी गिळलं होतं. पत्र लिहायची वेळ आली ती कालच्या फोनमुळे. तुमचे वरिष्ठ ग्राहक अधिकारी बोलत होते, मार्दवाने, प्रत्येक वाक्याला 'सर' लावून. मी विचारलं, फन गुओ बाराच्या आत कसे संपतात?

"सर, आमच्या नोंदीप्रमाणे आपल्या टेबलावर ४१ टोपल्या गेल्या."

त्यात फन गुओ किती?

"एकूण ४१, सर. एवढ्या टोपल्या गेल्या की पाहुण्यांचं समाधान झालं असं आमची यंत्रणा धरते."

मी म्हटलं, आठ माणसं उपाशीपोटी अर्धा तास दारात उभी राहिली की समोर येईल ते खातात. त्यातल्या चार तर तुम्हीच चुकून पाठवल्या आणि नंतर वजन केल्या, त्याही समाधानात धरल्यात का? यावर ते जरा थांबले. कळफलकाचा आवाज येत होता. मला वाटलं चौकशी करताहेत. मग म्हणाले, "सर, आपण भारतीय का?"

हो म्हटलं.

"टिओच्यू चव मुळातच सौम्य असते, सर. भारतीय पाहुण्यांना ती बऱ्याचदा फिकी वाटते. पुढच्या वेळी मिरचीचा सॉस मागून घ्या. तो मोफत आहे."

मी एक क्षण गप्प झालो. मग शक्य तितक्या शांतपणे सांगितलं, की फिकं हा शब्द मी एकाही ईमेलमध्ये वापरलेला नाही. मी कोकणातला माणूस आहे, पेज आणि मेतकुटावर वाढलो. सौम्य काय असतं ते मला कळतं. तुमची लोणच्या मुळ्याबरोबरची भाताची पेज मी आवडीने खातो. आंबट भाजी आणि खारवलेल्या प्लमबरोबर वाफवलेल्या पापलेटसाठी मी या बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेलेलो आहे. आणि मुळात ही तक्रार माझी नाहीच, आह-माची आहे. ती पंच्याऐंशी वर्षं टिओच्यू आहे. ती म्हणाली, हे आमचं जेवण नव्हे.

त्यावर तुमच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचं उत्तर असं: "पण सर, बुकिंग आपल्या नावावर आहे."

मी हे वाक्य रात्रभर घोळवत होतो. म्हणजे जीभ आह-माची असली तरी चव बुकिंगवाल्याची धरायची. उद्या मी रुग्णालयात कुणाला घेऊन गेलो तर ताप माझा मोजायचा. एका टिओच्यू म्हातारीने सांगितलं की तुमचं टिओच्यू जेवण टिओच्यू नाही, आणि तुम्ही मला मिरचीचा सॉस सुचवलात. मी आवाज चढवला, हे खरं. तरी पुरेसा चढवला नाही असं सकाळपासून वाटतंय.

फोन ठेवण्याआधी त्यांनी 'सदिच्छा म्हणून' १० टक्के सवलतीचं कुपन देऊ केलं. सोमवार ते गुरुवार, दोघांसाठी, बुफेला लागू नाही. आठवड्यातल्या दुपारी मी आणि कोण? आह-मा? ती तर तुमच्या मॉलच्या बसथांब्यावरही उतरायला तयार नाही.

तेव्हा मला हवं आहे ते असं. दंड, रुमाल, शेंगदाणे आणि पिशवीतला चहा यांचे पैसे परत. आह-माच्या नावाने लेखी माफी, चिनी भाषेत, मोठ्या अक्षरांत, तिला चष्म्याशिवाय वाचता येईल अशी. आणि जोवर बाराच्या आत फन गुओ संपतात, तोवर पाटीवरचा 'पारंपरिक' शब्द झाकून ठेवा. साधा कागद चिकटवला तरी चालेल.

१४ दिवसांत उत्तर आलं नाही तर हे प्रकरण सिंगापूरच्या ग्राहक संघटनेकडे, म्हणजे 'केस'कडे, जाईल आणि तिथून लघुदावे न्यायाधिकरणात. तिथे २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात. माझा त्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण मी निवृत्त आहे, मला वेळ आहे. टॅबवरच्या वाक्यांचे, क्रॅबस्टिक सॅलडचे आणि काट्याचे फोटो सुनेने काढून ठेवले आहेत. आणि एक ध्यानात घ्या. सिंगापुरातल्या चिनी समाजात होक्कियनांच्या खालोखाल टिओच्यूच आहेत, आणि आह-माला पुष्कळ जणांचे फोन नंबर पाठ आहेत. न्यायाधिकरणाला नोटीस काढायला वेळ लागतो, तिला लागत नाही.

कळावे. पुढे 'लोभ असावा' लिहायची आमची रीत आहे. या खेपेला ती पाळत नाही.

आपला,
ज्याच्या नावावर बुकिंग होतं तो

सोबत: बिल, टॅबचे फोटो, न वापरलेलं कुपन.

ता. क.: शेंगदाण्यांचे ८ डॉलर परत करताना त्यावरचं सेवाशुल्क आणि जीएसटीही धरा. ९.५९ होतात.