पिवळा लागला की नक्की काय करायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लाल म्हणजे थांबा आणि हिरवा म्हणजे जा एवढं लहान पोरालाही माहिती असतं, पण या दोघांच्या मधे जे काही आहे ते गाडी चालवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना नीट माहिती नसतं आणि पायी चालणाऱ्यांना तर ते कुणी कधी सांगितलेलंच नसतं, म्हणून हे पत्र लिहितोय.

पहिला पिवळा. कुणी म्हणतं पिवळा लागला की पटकन काढायची गाडी, कुणी म्हणतं जिथे असाल तिथे कचकन ब्रेक मारा. दोन्ही चूक. पिवळा म्हणजे थांबाच, फक्त तुम्ही स्टॉप लाइनच्या इतके जवळ आला असाल की नीट थांबताच येणार नाही तर मग निघून जा. 50 च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास 14 मीटर पुढे जाते, लाइट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सेकंदभर जातो आणि मग झटका न देता गाडी थांबवायला आणखी तीसेक मीटर लागतात. म्हणूनच पिवळा किती वेळ ठेवायचा ते त्या रस्त्यावरच्या स्पीडवरून काढतात, साधारण 3 ते 6 सेकंद. लांबून येणाऱ्याने स्पीड वाढवून घुसावं म्हणून तो वेळ दिलेलाच नाहीये.

पुढचा प्रश्न, आडव्या रस्त्याचा लाल झालाय, आपलाही लालच आहे, मग सिग्नल बिघडला का? नाही बिघडला. एखाद-दोन सेकंद मुद्दाम सगळ्यांना लाल ठेवतात, चौकात अडकलेली शेवटची गाडी बाहेर पडावी म्हणून. आडवा लाल झाला की आपला हिरवा होणारच असं धरून जे आधीच निघतात ते नेमके त्याच शेवटच्या गाडीसमोर जातात.

आता पायी चालणाऱ्यांचं, आणि मला खरं यावरच बोलायचंय. पायी चालणाऱ्यांच्या सिग्नलमधला चालणाऱ्या माणसाचा दिवा ब्लिंक व्हायला लागला (काही ठिकाणी लाल हात ब्लिंक होतो, काही ठिकाणी आकडे उलटे मोजले जातात) की त्याचा अर्थ असा की जे अजून कडेला उभे आहेत त्यांनी आता उतरायचं नाही, आणि जे रस्त्यात आहेत त्यांनी न घाबरता चालत राहून पलीकडे पोचायचं. पिवळ्यामागे जो विचार आहे तोच हा. पण हे माहिती नसल्यामुळे काय होतं बघा, हातात पिशवी घेतलेल्या एखाद्या आजी अर्ध्यावर आलेल्या असतात, तो ब्लिंक व्हायला लागतो, त्या दचकतात, आणि पुढे जायच्या ऐवजी मागे वळतात. गाडीवाल्याने त्या पुढे सरकणार असं धरलेलं असतं. आणि त्याच वेळी कडेला उभा असलेला एखादा तरुण पळत सुटतो, म्हणजे ज्याने थांबायचं तो पळतो आणि जिने चालत राहायचं ती मागे फिरते.

यात दोष त्या आजींचा अजिबात नाही. बऱ्याच ठिकाणी रस्ता ओलांडायला दिलेला वेळ सेकंदाला 1.2 मीटर चालणारा माणूस धरून काढतात. 14 मीटरचा रस्ता असेल तर झाले 12 सेकंद. काठी घेऊन चालणारा माणूस सेकंदाला 0.8 मीटर चालला तर त्याला 17 ते 18 सेकंद लागतात, म्हणजे सगळं बरोबर करूनही तो शेवटचे पाच-सहा सेकंद गाड्यांच्या तोंडाशी. दवाखाने, शाळा यांच्यासमोर तरी हळू चालणाऱ्यांचा हिशोब धरून वेळ लावायलाच पाहिजे, गाड्या पाच सेकंद जास्त थांबल्या तर कुणाचं काही बिघडत नाही.

अजून एक, बऱ्याच चौकात वळणाऱ्या गाडीला आणि तिच्या आडव्या येणाऱ्या पायी माणसाला एकदमच हिरवा मिळतो. अशा वेळी आधी माणूस, मग गाडी. हिरवा मिळाला म्हणजे रस्ता मोकळा करून मिळाला असं नसतं.

काही सिग्नलच्या खांबावर पायी चालणाऱ्यांसाठी बटण असतं, त्याचं विचाराल तर ते एकदा दाबलं की नोंद झाली, दहादा दाबून सिग्नल लवकर येत नाही. काही सिग्नलला स्टॉप लाइनजवळ रस्त्याखाली तारेचं वेटोळं असतं, त्याला वर आलेल्या गाडीचा धातू कळतो, वजन नाही. त्यामुळे लाइन सोडून पुढे जाऊन थांबलं तर आपण आलोय हे सिग्नलला कळतच नाही, आणि हॉर्न वाजवून तर काहीच होत नाही.

पाट्यांचं थोडक्यात सांगतो. बऱ्याच देशांत त्रिकोण म्हणजे सावध, गोल म्हणजे हुकूम, चौकोन म्हणजे माहिती. स्टॉपची पाटी अष्टकोनी आणि आधी दुसऱ्याला जाऊ द्या ही उलटा त्रिकोण, म्हणजे धुळीने अक्षरं झाकली तरी आकारावरून कळतं. स्टॉप म्हणजे रस्ता रिकामा दिसला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, उलट्या त्रिकोणाला हळू करून बघितलं आणि कुणी नसलं तर चालतं. आणि चौकात पोलीस हात दाखवत असेल तर सिग्नल काहीही असो, ऐकायचं पोलिसाचं.

माझी विनंती एवढीच की अपघाताची बातमी छापता तिच्या शेजारी एखाद्या दिवशी यातला एक प्रश्न आणि त्याचं उत्तर चित्रासकट, मोठ्या अक्षरात छापा. सुरुवात त्या ब्लिंक होणाऱ्या माणसापासून करा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच आहे आणि ज्यांचा गोंधळ होतो त्यातले बरेच जण मोबाइल नाही, पेपरच वाचतात.

आपला,
एक नियमित वाचक