बुटांआधी खेळपट्टी विचारा

महोदय,

नातवाला शिवाजी पार्कात क्रिकेटच्या नेटला (सरावाला) घातलं आणि धोबीतलावच्या एका दुकानातून खिळ्यांचे बूट आणले. तेही एक नंबर मोठे, ‘पाय वाढतोय’ म्हणून. चूक माझीच! सराव मॅटिंगवर, म्हणजे काथ्याच्या चटईवर. खिळे काथ्यात अडकले, पोरगं तोंडावर आपटलं. शिवाय सैल बुटात पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळंनिळं. मॅटिंगवर रबरी तळवेच हवेत. खिळे टर्फवर, म्हणजे माती-गवताच्या खेळपट्टीवर, त्यातही ओल्या. मुंबईच्या पावसाळ्यातली कांगा लीग खेळलेल्या कुणालाही विचारा. बूट संध्याकाळी, खेळाचे जाड मोजे घालून मापावेत. ‘कुठे खेळणार?’ एवढं दुकानदाराने विचारलं असतं तर ते बूट आज माळ्यावर नसते.

– एक आजोबा, दादर