तलावपाळीवरच्या अनोळखी माणसांचे आभार

आमच्या कॉलेजच्या शॉर्ट फिल्मचं बजेट होतं 8,000 रुपये. त्यातले निम्मे कॅमेऱ्याच्या भाड्यातच गेले. तरी रविवारी शूटिंग पुरं झालं, ते तुमच्यामुळे.

ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर पहाटे जमलो, तेव्हा चहावाले काका, तुम्ही आमच्या लाइटसाठी टपरीतून वायर ओढून दिलीत. पैसे घ्यायला साफ नकार! जांभळी नाक्यावरच्या फुलवाल्या मावशी, तुम्ही टोपलीवरचं पांढरं कापड झटकून दिलंत, तोच आमचा रिफ्लेक्टर झाला. झेंडूची एक पाकळी अजून त्याच्या घडीत आहे. धुऊन आणून देते.

आणि नौपाड्यातले वायरमन दादा! ट्यूबलाइटखालच्या शॉटमध्ये काळे पट्टे सरकत होते, आम्ही अगदी रडकुंडीला आलो होतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. मग सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवलं. पट्टे गेले, आणखी एका दिवसाचं भाडं वाचलं.

तुमची नावं विचारायची राहिली, याची चुटपुट लागून राहिली आहे. श्रेयनामावलीत 'चहावाले काका, फुलवाल्या मावशी, वायरमन दादा' असंच लिहिणार आहोत. पहिला खेळ ठरला की बोलवायला येतोच.