उंची मोजा, पण आधी बॉल तरी हातात द्या

संपादक महोदय,

शाळेच्या व्हॉलीबॉल सिलेक्शनला बुटक्या मुलींना बॉलला हात लावायच्या आधीच बाजूला काढतात, हे मी आमच्या भागात बघत आलेय आणि दरवेळी मला जपानची योशिए ताकेशिता आठवते. उंची 159 सेंटीमीटर म्हणजे पाच फूट अडीच इंच वगैरे, आणि ही बाई जपानच्या नॅशनल टीमची सेटर, म्हणजे स्मॅश मारणारीला बॉल उचलून देणारी खेळाडू, पुढे कॅप्टनसुद्धा!

उंचीचा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणत नाही. खेळाडू आळीपाळीने जागा बदलतात, त्या सहापैकी तीन रोटेशनमध्ये सेटर पुढे नेटवर असते, महिलांचं नेट 2.24 मीटर, मग समोरची सहा फुटी स्मॅशर बरोबर तिच्याच डोक्यावरून मारणार. 2000 मध्ये जपानच्या मुली सिडनी ऑलिम्पिकला क्वालिफाय झाल्या नाहीत तेव्हा खापर तिच्याच उंचीवर फुटलं. 2002 मध्ये तिने एनईसी क्लब सोडला, खेळणंच थांबवलं, पण काही महिन्यांनी जेटी क्लबने बोलावलं आणि ती परत उभी राहिली. 2003 मध्ये नवीन कोच यानागिमोतो यांनी तिला नॅशनल टीममध्ये परत घेतलं, मला तर या माणसाचं फार कौतुक वाटतं.

2006 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला जपान सहावं आलं तरी अख्ख्या स्पर्धेची एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, तीच! कारण उंच टीमसमोर जपानचा खेळच फास्ट, समोरचा ब्लॉक (नेटवर उडी मारून अडवणारे हात) लागायच्या आत बॉल मारायचा, आणि त्यासाठी रिसीव्ह (समोरून आलेला बॉल घेऊन दिलेला पहिला पास) कितीही वाकडातिकडा आला तरी सेटरने धावत बॉलखाली पोचून तो नीट उचलून द्यावा लागतो, तिथे उंची नाही तर पाय आणि डोकं लागतं. 2010 ला वर्ल्ड ब्रॉन्झ. 2012 ला लंडनमध्ये कोरियाला 3-0 हरवून ऑलिम्पिक ब्रॉन्झ, 1984 नंतर थेट 28 वर्षांनी मेडल, आणि तेव्हा तिच्या डाव्या हाताचं बोट फ्रॅक्चर होतं, समोरच्या टीमला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. सेटरचं बोट हो!

तुमच्या क्रीडा पानावर शालेय स्पर्धांचे रिझल्ट येतात, त्यासोबत सिलेक्शन कसं होतं हेही एकदा छापा. निदान सेटरच्या जागेसाठी तरी आधी मुलींना बॉल उचलायला लावा, टेप नंतर काढा, एवढंच आमच्या क्रीडाशिक्षकांना सांगणं आहे.

आपली,
एक व्हॉलीबॉलप्रेमी वाचक, सांगली