पडवीतल्या भिंतीचा मजकूर

मालवण

चि. मृण्मयीस अनेक उत्तम आशीर्वाद.

घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या आणि पडवीच्या भिंतीवर जुन्या बोटीच्या प्रवासाचे फोटो व चार ओळींची माहिती लावायची, हा तुझा बेत मला पसंत आहे. मात्र तू पाठवलेल्या मजकुरातले ‘निळ्या समुद्रावरचा निवांत प्रवास’ हे शब्द काढून टाकावेत. निवांतपणा वरच्या डेकचे तिकीट काढणाऱ्यांना लाभत असेल. आम्ही खालच्या डेकवर सतरंजी अंथरून, इंजिनाच्या उष्ण वासात आणि शेजाऱ्यांच्या ओकाऱ्यांत रात्र काढीत असू. ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग त्याच डेकवरचा. आज घाटात लोकांना गाडी ‘लागते’, ती मला वाटते बोटीकडूनच उसनी घेतलेली आहे.

सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली पणजीची बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरे घेत मालवणसमोर येई, तेव्हा नीट उजाडलेलेही नसे. ‘समोर’ असे मी मुद्दाम लिहितो, कारण आपला किनारा खडकाळ असल्यामुळे बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी आणि होड्या तिच्या अंगाला जाऊन भिडत. बोटीचा दरवाजा आणि होडी यांच्यातले अंतर लाटेच्या मर्जीप्रमाणे कधी वीतभर, तर कधी पुरुषभर असे. १९७१ च्या मे महिन्यात, मी नऊ वर्षांचा असताना, तुझी आजी नऊवारीचा काष्टा घट्ट करून त्या दरवाजात उभी राहिली. खालून खलाशी ओरडला, “लाट वर इली काय सोड गे पाय, बाये!” तिने डोळे मिटले आणि पाय सोडला. मला तर त्याने विचारलेसुद्धा नाही, बखोटीला धरून सरळ खाली घेतले. आमची ट्रंक मात्र मधल्या फटीत बोटीच्या पत्र्यावर आपटली, कोपरा चेपला आणि आत खारे पाणी शिरले. मुंबईहून आणलेले नवे कापड त्या दिवशी विहिरीच्या पाण्यात तीनदा धुतले, तरी त्यावरचा डाग गेला नाही.

आजीच्या भीतीला कारणही होते. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येच्या दिवशी, रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, ही गोष्ट किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात सांगितली जाई. आपल्याकडची बोट पावसाळ्यात बंदच असे. तेव्हा मुंबईहून यायचे झाल्यास आगगाडीने कोल्हापूर गाठायचे आणि तिथून एस.टी.ने घाट उतरायचा.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बोट बंद पडली. पुढे २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, आणि २०२१ साली चिपीचा विमानतळही आला. या सोयींविषयी माझी तक्रार नाही. गुडघे दुखू लागल्यावर मी कुडाळला गाडीतून उतरताना रेल्वेचे आभारच मानतो. पण तुझ्या मजकुरात नसलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: मालवणचे पुढचे दार समुद्राकडे होते. बाजारपेठ बंदराकडून वर चढत गेली, कारण माल, पत्रे, मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्यांचा चाकरमानी आणि नवी सून, सगळे त्याच बाजूने येत. आता सगळे मागच्या दाराने, तीसेक किलोमीटरवरच्या स्टेशनावरून येतात, आणि पुढच्या दारात पर्यटक सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीसाठी तिकिटाच्या रांगेत उभे राहतात. तुझ्या पाहुण्यांना किल्ल्याकडे जाण्याआधी एवढे समजले, तर ते बंदराकडे थोडे वेगळ्या नजरेने बघतील, असा माझा अंदाज आहे.

फोटो माझ्याकडे दोनच आहेत आणि दोन्हींत बोट पुसट, आत्या मात्र ठळक आहे. ते पाठवतो. ती ट्रंक माळ्यावर आहे. ती फोटोंखाली ठेवावी. तू येशील तेव्हा हौसेने तिला रंग देऊ नकोस आणि चेपलेला कोपरा ठोकून सरळही करू नकोस.

तुझे,
बाबा