पालीच्या मिस्त्रीकाकांना आभारपत्र: आमच्या चालकाच्या तळहातावर ठेवलेल्या त्या नटाबद्दल

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव मी येथे लिहीत नाही, कारण चारचौघांत झालेले कौतुक आपल्याला रुचत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही हे आभार उघडपणे मानावेत असे मनापासून वाटते, कारण आमच्यावर आलेले संकट कोकणातल्या कोणत्याही गाडीमालकावर येऊ शकते.

मिरकरवाडा बंदरातून बर्फातली मासळी आंबा घाटाने कोल्हापूरला नेणारी आमची सहाचाकी गाडी आपण पाहिलीच आहे. मासळीच्या पेट्यांतून गळणारे खारट पाणी आणि समुद्राची हवा यांमुळे चाकांच्या लोखंडी डिस्क, म्हणजे टायर ज्यांवर चढवतात तो धातूचा भाग, गंजून त्यांचे पापुद्रे सुटू लागले होते. म्हणून १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, गाडी उभीच असताना, सर्व चाकांना अॅल्युमिनियमच्या डिस्क बसवून घ्यायचे आम्ही ठरवले. या डिस्क वजनाने हलक्या असतात. सहाचाकी गाडीची एकूण वजनमर्यादा २०१८ मध्ये १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली असली, तरी त्यात गाडीचे स्वतःचे वजनही धरलेले असते, त्यामुळे डिस्कमध्ये वाचलेला प्रत्येक किलो मालाच्या वाट्याला येतो.

ज्या मोठ्या, काचा लावलेल्या दुकानात हे काम झाले, तेथे पैसे आगाऊ घेतले गेले आणि आमच्या चालकाला कामाच्या जागेपासून दूर उभे राहण्यास सांगितले गेले. ऑगस्टमध्ये भरलेली गाडी घेऊन तो साखरप्याजवळ पोहोचला, तेव्हा मागच्या जोडचाकातून टकटक असा आवाज येत असल्याचे त्याच्या कानांनी टिपले आणि घाट चढण्याआधीच त्याने गाडी बाजूला घेतली. नटांभोवती गंजाचे तांबूस ओघळ उतरले होते आणि दोन नट हाताने फिरत होते. दुकानात फोन केला तर उत्तर मिळाले की चालकाने गाडी खड्ड्यांत आपटली असेल, आमचे काम चोख आहे. पेट्यांतला बर्फ वितळत होता, रात्र पडत होती, आणि बावीस-तेवीस वर्षांचा तो मुलगा फोनवर माझ्याशी बोलताना अक्षरशः रडवेला झाला होता. माल खराब होण्यापेक्षा आपल्यावर ठपका येतो आहे याचेच त्याला अधिक वाटत होते.

त्या वेळी आपण रत्नागिरीजवळच्या पालीहून दुचाकीवर हत्यारे बांधून आलात. आपण काय काय केले हे मी सांगत बसत नाही. माल दुसऱ्या गाडीत चढवण्याची व्यवस्था आपण केलीत आणि रिकामी गाडी सावकाश आपल्या गॅरेजपर्यंत नेलीत, एवढे पुरे. परंतु त्याआधी रस्त्याच्या कडेला, विजेरीच्या उजेडात, जे घडले ते चालकाने मला पुन्हा पुन्हा सांगितले आहे आणि त्याचसाठी हे पत्र आहे.

नट काढण्यापूर्वी आपण त्याला जवळ बोलावलेत. ज्या आटेदार दांड्यावर नट आवळतात त्या स्टडचे टोक नटाच्या बाहेर यायला हवे होते, ते आतच बुडालेले होते. त्या पोकळीत आपण त्याला बोट घालून पाहायला सांगितलेत. मग नट उतरवून त्याच्या तळहातावर ठेवलात आणि नखाने एकेक आटा दाखवत म्हणालात, "बाळा, हे आतले आटे झिजलेत बघ, आणि हे बाहेरचे अजून कोरे आहेत. नटाने अर्धाच बोल्ट धरला होता. यात तुझी काही चूक नाही. तू थांबलास म्हणून चाक जागेवर आहे."

लोखंडी डिस्क जिथे हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसवतात त्या फिरत्या मधल्या भागावर, बसते तिथे साधारण ११ मिलिमीटर जाड असते, अॅल्युमिनियमची साधारण त्याच्या दुप्पट. मागच्या जोडचाकात दोन डिस्क एकीवर एक बसतात, म्हणजे जुन्या स्टडला जवळजवळ २२ मिलिमीटरची लांबी कमी पडते. ज्यांनी हे काम करण्याचे पैसे घेतले, त्यांना हे माहीत असणे भागच होते, आणि माहीत नसेल तर स्टडचे टोक दिसत नाही हे तरी दिसायला हवे होते. शिवाय डिस्क आणि ब्रेकचा ड्रम यांच्यामध्ये जुना रंग आणि गंज तसाच ठेवलेला आढळला. असा थर धक्क्यांनी दबत जातो आणि गच्च आवळलेला नटही ढिला पडतो. एवढे सगळे झाकून दोष मात्र स्टिअरिंगवर बसलेल्या पगारी मुलावर ढकलला गेला, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आपण लांब स्टड कोल्हापूरहून मागवलेत, ते येईपर्यंत गाडी सोडली नाहीत, आणि मी घाई केली तेव्हा "ताई, गाडी उद्या जाईल, पण नीट जाईल" एवढेच म्हणालात. शेवटची आवळणी करताना आपण टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर लागला की वाजणारा पाना, त्या मुलाच्या हातात दिलात आणि तो खट्ट असा आवाज त्याला स्वतःला ऐकू दिलात. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे, माल उतरवल्यावर चाके गोड्या पाण्याने धुवायची, नाहीतर लोखंडी हबला टेकलेले अॅल्युमिनियम खारटपणाने पांढरे पडून चिकटून बसते, हेही आपण मालकीणबाईंना नव्हे, तर रोज गाडी चालवणाऱ्याला समजावलेत.

अडल्या गिऱ्हाइकाची अडवणूक करणारे महामार्गावर पुष्कळ भेटतात. रात्री बोलावणे आले म्हणून दुप्पट मजुरी मागितली असती, तरी मी निमूट दिली असती. आपण दिवसाचाच दर लावलात. ज्याच्या हातात कसब आहे त्याने समोरच्या अजाण माणसाला कमी न लेखता ते उलगडून दाखवावे, ही माणुसकी मी आपल्या गॅरेजात पाहिली आणि तिच्याविषयी मला अत्यंत आदर वाटतो.

आमचा चालक तो झिजलेला नट आता केबिनमध्ये ठेवतो आणि बंदरावरच्या इतर चालकांना आटे दाखवून समजावतो. आमच्या दुसऱ्या गाडीलाही येत्या मासेमारीबंदीत अॅल्युमिनियमच्या डिस्क बसवायच्या आहेत. लांब स्टड आधीच मागवून ठेवता यावेत म्हणून हबची मापे घ्यायला ती पुढच्या आठवड्यात आपल्याकडे पाठवत आहे. आपल्याला सोयीचा दिवस कृपया चालकाला कळवावा.

आपली ऋणी,
मासळी वाहतूक करणारी एक गाडीमालकीण,
मिरकरवाडा, रत्नागिरी